चारच्या आकड्यावर

ता. ६, सोमवार

प्रिय भावजी,

सा. न. वि. वि. खुशाली शेवटी, आधी भांडण.

गदा वर गेली आहे आणि कालपासून ती तशीच हवेत आहे. खाली आप्पांचा तिरंदाज एका गुडघ्यावर. अंगात दोन प्राण उरलेले. मागे चिमणीची वैद्यीण मंत्र म्हणते आहे. तुमचे दादा ढाल टाकून पुलाखाली लपलेत, त्यांचं सोडा. मी खेळ थांबवला आणि फासे डब्यात भरले.

प्रकार असा. तुमच्या नियमांच्या वहीप्रमाणे फेरी सुरू होताना प्रत्येकाने आपण काय करणार ते बोलून टाकलं. मग दहा बाजूंचे फासे, ज्याचा जो आकडा पडेल त्यावर त्याची चाल. मग मी दहापासून एकपर्यंत उलटे आकडे मोजत गेले. सातवर चिमणीने मंत्र सुरू केला. त्याला तीन आकडे लागतात, म्हणजे तो चारवर फळतो आणि आप्पांना पाच प्राण परत मिळतात. मी खेळवते त्या राक्षसाची गदा पण चारवरच. तिने सहा प्राण जातात. आप्पांचा बाण तीनवर.

गदा आधी धरली तर आप्पा मेले, आणि मेलेल्याला मंत्र लागत नाही. दोन्ही एकदम धरलं तर दोन आणि पाच सात, सातातून सहा गेले, उरला एक. एका प्राणावर माणूस जगतो. मी वही पुढून मागून पाहिली. जे आधी ते आधी, एवढंच तुम्ही लिहून ठेवलंय. एकाच आकड्यावर आलं तर काय, त्याबद्दल अवाक्षर नाही. चिमणी म्हणाली, एकदम. आप्पा म्हणाले, गदा आधी, तिला फक्त खाली यायचं आहे. तुमचे दादा म्हणाले, चहा कोण करणार.

आता खरी गोष्ट. आईंना जाऊन अकरा महिने झाले. तेव्हापासून आप्पा फाटकाबाहेर पडलेले नाहीत. जेवायला येतात, उठून जातात. रविवारी चार वाजता मात्र आपल्या तिरंदाजाची फाईल घेऊन टेबलाशी येतात, तेही पाच मिनिटं आधी. तेवढे दोन तास ते आमच्यात असतात. काल उठताना म्हणाले, तिरंदाज मेला तर दुसरा माणूस करायचा नाही, या वयात पुन्हा उमेदवारी नको. हसत नव्हते.

वही तुमची, निकालही तुम्हीच द्या. बोगद्यावरचा तुमचा फोन साहेबांच्या टेबलावर, आणि या घरात निकाल तोंडी चालत नाही, म्हणून हे पत्र. मी दिवसभर एक्स-रे काढते आणि लोकांना श्वास रोखून धरायला सांगते. उत्तर येईपर्यंत माझाच रोखलेला आहे.

आम्ही सगळे ठीक. माया आहे तेवढी राहू द्या, पत्रं मात्र वाढवा.

तुमची,
वहिनी


ता. १३, सोमवार

प्रिय वहिनी,

सा. न. वि. वि. आणि दादाला एक टपली.

इथे दिवसातून दोनदा सुरुंग उडतात. दगडाच्या तोंडावर चाळीस-पन्नास भोकं पाडतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. आधी मधले एक नंबरचे उडतात, मग दोन, मग तीन, कडेचे सर्वांत शेवटी. भोंगा झाला की आम्ही आडोशाला उभे राहून मोजतो. एका नंबरचे सहा सुरुंग असले तरी कानाला आवाज एकच येतो. त्या सहांतला आधी कोणता उडाला, असं मी मुकादमाला विचारलं तर तो मला डॉक्टरकडे पाठवेल.

म्हणून निकाल असा. एका आकड्यावर जे जे येईल ते एकदम. आधी सगळं जोडा आणि वजा करा, मग कोण मेलं ते बघा. तिरंदाज एका प्राणावर जिवंत आहे. त्याचा बाण तीनवर सुटेल. चिमणीला शाबासकी द्या. ढाल टाकून पुलाखाली लपणं ही वहीतली चाल नाही, हे दादाला माझ्या नावाने ऐकवा.

बाकी माझं बरं चाललंय. नवे बूट मिळाले, दोन्ही उजव्या पायाचे निघाले, बदलून आणायला माणूस गेलाय. धुळीने खोकला होतो, पण तुम्ही दिलेली बाटली अर्धी आहे. बोगदा महिन्याला साठ हात पुढे सरकतो. मी पण तेवढाच.

आप्पांना नमस्कार. तुमच्या प्रेमाचा ओघ असाच इकडे वळवत राहा.

धाकटा

ता. क. हे फक्त तुमच्यासाठी. सुरुंगांचं खरं आहे, पण ते नसतं तरी मी हाच निकाल दिला असता. आप्पा टेबलाशी राहिले पाहिजेत. वही काय, माझीच आहे, वाकवू तशी वाकते.


ता. २०, सोमवार

भावजी,

नमस्कार विशेष नाही. तुम्ही याच घरात वाढलात ना?

या घरात रविवारचं पत्र कसं वाचतात, ते मी परघरची असून मला माहीत आहे. सर्वांत लहानाने फोडायचं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचायचं. आप्पांची शिस्त. तुमचं पत्र शनिवारी आलं तेव्हा मी ड्युटीवर होते. आप्पांनी ते टेबलावर ठेवून दिलं. काल चार वाजता चिमणीने फोडलं.

सुरुंगांपर्यंत सगळं छान होतं. आप्पा मान हलवत होते. बुटांवर हसले पण. मग ता. क. आला. चिमणीची गाडी सुसाट होती. फक्त तुमच्यासाठी, हे शब्दसुद्धा तिने तशाच ठणठणीत आवाजात वाचले. मग अर्थ लागला आणि ती थांबली. आप्पा म्हणाले, पुढे. तिने पुढचं वाचलं.

आप्पांनी ते पत्र घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, कारखान्याच्या गेटवर हजेरीच्या यंत्राला एकच फट होती. तिच्यात एका वेळी एकच कार्ड जायचं. दोन माणसं खांद्याला खांदा लावून आली तरी एक पुढे, एक मागे. एकतीस वर्षं मी टाइमकीपर म्हणून तिथे बसलो, बोगद्यातल्या आवाजांचं मला सांगू नका. आणि वाकणाऱ्या वहीत मी खेळत नाही. एवढं बोलून ते उठले, स्टुलावर चढले आणि फाईल कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवली. त्यांचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. तुमच्या दादांनी धावत जाऊन स्टूल धरलं, आणि एकही विनोद केला नाही. यावरून काय ते समजा. काल रात्रीपासून आप्पांचं ताट खोलीत जातंय.

चिमणी म्हणते, मी हळू वाचायला हवं होतं. पंधरा वर्षांच्या पोरीने हे मनाला लावून घ्यावं का?

मी तुमच्यावर चिडून लिहायला बसले होते. पण मलाही तोच निकाल हवा होता, आणि तो कसाही आला असता तरी मी चालवून घेतला असता. तुम्ही फक्त ते कागदावर आणलंत. तेव्हा माझी समजूत काढत बसू नका. त्यांना लिहा. वकिली करू नका.

राग आहे. माया त्याच्याखाली आहे, उचकटून बघायची गरज नाही.

वहिनी


ता. २६, रविवार

तीर्थरूप आप्पांना,

साष्टांग नमस्कार.

मी चुकलो. ता. क. मध्ये जे लिहिलं ते तुम्ही ऐकलंत, ही चूक नव्हे. ते माझ्या मनात आलं, ही चूक. निकाल मागे घेतो.

शाळेच्या सुट्टीत तुम्ही मला कारखान्यात लावलं होतंत. तिसऱ्या दिवशी मी दोन मिनिटं उशिरा आलो आणि तुम्ही मला सगळ्यांदेखत अर्धी पाळी गैरहजर मांडलंत. आई तुमच्याशी दोन दिवस बोलली नाही. मी आठ दिवस. पण त्यानंतर टाइमकीपरचा मुलगा म्हणून मला त्या कारखान्यात कोणी टोमणा मारला नाही. तुम्ही मला कधी सवलत दिली नाहीत. मी तुम्हाला न विचारता दिली.

आता एक विचारायचं आहे, ते मुलगा म्हणून नाही. वही लिहिणारा म्हणून. सातचा भोंगा व्हायला आला आहे. दोन माणसं एकदम गेटवर पोचली. फट एकच, हे बरोबर. एकाचं कार्ड आधी आत गेलं, दुसऱ्याचं त्याच्या पाठोपाठ. त्या दुसऱ्याच्या कार्डावर काय छापलं जायचं, आणि तुम्ही त्याला काय मांडायचात? उत्तर मला आधीच ठाऊक आहे असं समजू नका. मी त्या गेटवर दोनच महिने होतो आणि दोन्ही महिने अर्धवट झोपेत.

तुम्ही सांगाल तो नियम वहीत जाईल. गदा आधी, असं म्हणालात तर तिरंदाज मेला, आणि तसं मी माझ्या हाताने लिहीन.

तब्येतीला जपा. आशीर्वादाची अपेक्षा ठेवण्याइतका मी अजून तुमचा आहे.

धाकटा


ता. ४, मंगळवार

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. उत्तर लगेच दिलं नाही, कारण आठवणीवर विसंबून द्यायचं नव्हतं. ट्रंकेत मी काही जुनी कार्डं ठेवलेली आहेत. ती काढून पाहिली.

यंत्र मिनिट छापतं. सेकंद छापत नाही. पुढच्याच्या कार्डावर सात, मागच्याच्या कार्डावरही सात. दोघेही वेळेवर. मागच्याला मी कधी उशीर लावला नाही. लावता आलाच नसता, कागदावर काही नसे. पुढे कोण होता हे मला काचेतून दिसायचं. पण मला दिसणं आणि हजेरीत असणं या दोन गोष्टी आहेत. त्या रविवारी मी रागात होतो आणि डोळ्याने पाहिलेलं नियम म्हणून सांगितलं. ते चूक होतं.

तुझ्या वहीत आकड्याहून लहान माप नाही. मग आकड्याच्या आत आधी आणि नंतर कुठून काढणार? हवं असेल तर लहान माप ठरव आणि सगळ्यांना आधी सांग. नसेल तर एकदम. सुरुंगांचं उदाहरण चांगलं होतं. तू त्याला भलत्या कामाला जुंपलंस. तुझ्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही, पद्धतीबद्दल आहे.

हा नियम राक्षसालाही लागू राहील. आपला बाण आणि त्याची गदा एका आकड्यावर आली, तर तो मेला म्हणून गदा थांबणार नाही. हे स्पष्ट लिही, नाहीतर तुझा दादा वाद घालेल.

आणखी एक. कार्डं पाहताना दवाखान्याचे कागदही हाती आले, ते त्याच ट्रंकेत होते. तुझी आई गेली ती वेळ त्यावर पाच वाजून बारा मिनिटं लिहिली आहे. मी औषध आणायला खाली गेलो होतो. परत दाराशी आलो तेव्हा समोरच्या घड्याळात पाच बाराच झाले होते. ते मी तेव्हाच पाहिलं होतं. तरी इतके महिने मी स्वतःला उशीर लावून बसलो होतो. याला उत्तर लिहू नकोस.

खोकल्यासाठी तोंडावर ओलं फडकं बांधत जा. एकाच पायाचे दोन बूट परत करताना पोच घे. तुझ्याबद्दल मनात काही ठेवलेलं नाही, तूही ठेवू नयेस.

आप्पा


ता. ९, रविवार

प्रिय भावजी,

सा. न. वि. वि. आज नमस्कार भरघोस आहे.

तुम्हाला लिहिलेलं पत्र आप्पांनी आधी आम्हाला वाचून दाखवलं. उभं राहून, सगळं. तेव्हा पाच बाराचं मला माहीत आहे. त्यावर मी काही लिहीत नाही. तुमचे दादा ते पोस्टात टाकायला गेले ते तासाभराने आले, डोळे लाल करून. धूळ होती म्हणाले.

आज चारला पाच कमी असताना आप्पा फाईल घेऊन हजर. चिमणीने चारचा आकडा पुकारला, मी जोड-वजा मोठ्याने केली, आणि तिरंदाज एका प्राणावर उरला. मग तीन. आप्पांनी फासा बराच वेळ मुठीत घोळवला. आठ किंवा वर हवे होते. सात पडले. बाण पुलाच्या कठड्यात घुसला.

तुमचे दादा म्हणाले, फासा फाईलला अडला, पुन्हा टाका. आप्पा म्हणाले, अडला तर अडला. चिमणी म्हणाली, बाबा, तुम्ही पुलाखालून बोलू नका. मग नवी फेरी. प्रत्येकाने आपली चाल बोलायची. आम्हाला वाटलं आप्पा मागे सरतील, एका प्राणावर दुसरं कोण काय करेल. ते म्हणाले की दादांनी टाकलेली ढाल तिरंदाज उचलणार आणि ती परत मिळणार नाही. यावर जो आरडाओरडा झाला तो शेजारच्या सुतारकाकांनी भिंत ठोकेपर्यंत चालला. आप्पांचा आकडा आठ आला, राक्षसाचा सहा. ढाल वेळेत वर गेली. तरी तडाखा बसला, पण ढालीवर. दादांच्या ढालीचे दोन तुकडे झाले. दादा अजून फुरंगटलेले आहेत.

सहा वाजता आम्ही थांबलो. राक्षसाचे अजून चौदा प्राण आहेत, आप्पांचा एकच. पुढच्या रविवारी काय होईल सांगता येत नाही. जाताना आप्पांनी मला विचारलं की तिरंदाज मेलाच, तर नवा माणूस करायला किती फासे टाकावे लागतात. मी सांगितलं, सहा. ते म्हणाले, बघू.

नियम वहीत कसा लिहायचा तो मजकूर पाठवा. ता. क. लिहू नका. तुमच्यावर आमचा जीव आहेच, तुम्ही आपला सांभाळा.

तुमची,
वहिनी

ता. १२, बुधवार

पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून जोडते. आज सकाळी पावणेआठला आप्पा फाटक उघडून केस कापायला गेले. साडेआठला परत आले.