बफर लावला, अ‍ॅम्प विकायचा नाही

हितेंद्र,

तू विकायला काढलेला गिटारचा अ‍ॅम्प बघायला गिऱ्हाईक आलं होतं, परत पाठवलं. खोट अ‍ॅम्पमध्ये नाही, तुझ्यात आहे. आबांच्या झोपेपायी अ‍ॅम्प मागच्या खोलीत आणि पेडल ओट्यावर. अ‍ॅम्पमधून पेडलकडे जाताना मधल्या लांब वायरीत आवाज दबतो. त्यासाठीच आणलेला बफर, आवाजाला जोर देणारी ती डबी, तू लावलास पेडलपाशी! अरे शहाण्या, शिदोरी निघताना बांधून देतात, पोचल्यावर नाही. आता तो अ‍ॅम्पच्या मागे, लूपच्या सेंडलाच, म्हणजे आवाज पेडलकडे निघतो तिथेच जोडलाय. आवाज खणखणीत निघतो. उद्या पहूरच्या हळदीला तू वाजवणार, असं बँडवाल्या योगराजला कळवून मी धुळ्याला निघाले.

आबा आतून ओरडले, "आज पोऱ्या भारी वाजाडी राह्यना!" वाजवत मी होते. शाबासकी तुझ्या नावावर जाऊ दिली आहे. उद्या ती खरी कर.

कामिनीताई