लिंक दाबली की कॅल्क्युलेटर

३ तारीख, सोमवार

आजपासून नवा ब्राउझर. जुना फार रखडायला लागला होता. नवा बसवला आणि जुना मुळासकट उपटून टाकला. ज्याला कॉम्प्युटर कळतो तो घरात दोन ब्राउझर ठेवत नाही. हे वाक्य गुरुवारी वर्गात वापरायचं.

वाचनालयातला ज्येष्ठांचा कॉम्प्युटर वर्ग मी चालवतो. ग्रंथपाल म्हणाले, यंदा समितीने सगळं ऑनलाइन केलंय. मला एक मेल येईल, त्यात लिंक असेल, ती दाबून ‘मान्य’ म्हणायचं, की वीस तारखेपासूनचं नवं सत्र माझं. मुदत चौदा तारीख, संध्याकाळी पाच. नाही दाबली तर समिती दुसरं कोणी बघेल. मी हसलो. तेही हसले.

निवृत्तीनंतर ऑफिस सुटल्यापासून मला सर म्हणणारी माणसं फक्त त्या वर्गातच उरली आहेत. पण तो मुद्दा नाही.

४, मंगळवार. सकाळी

मेल आला. लिंक दाबली. एक चौकट आली: ही लिंक कशात उघडू? खाली प्रोग्रामांची यादी. ‘नेहमी यातच उघडा’ अशी खूण आधीच केलेली होती, किंवा मी केली असेन. घाईत पहिलं नाव दाबलं. कॅल्क्युलेटर उघडला.

पुन्हा दाबली. कॅल्क्युलेटर. शून्य दाखवतो.

आता मेलमधली कुठलीही लिंक दाबा, कॅल्क्युलेटर. दोष नव्या ब्राउझरचा. कंपन्या कच्चा माल बाजारात आणतात.

५, बुधवार

दोष दोघांचाही आहे, असं आता मत झालं. ब्राउझर एकटा उत्तम चालतो. मेलचा प्रोग्राम एकटा उत्तम चालतो. फक्त एकमेकांना हाक मारत नाहीत. हिला सांगितलं. ही म्हणाली, तुमचं आणि माझ्या भावाचं तसंच आहे. दोघंही चांगले, पण निरोप पोचवायला मध्ये मी लागते.

मग म्हणाली, अहो, ग्रंथपालांना एक फोन करा ना. मी शांतपणे समजावलं, की पोहायला शिकवणाऱ्याने पाण्यातून ‘दोर टाका’ म्हणून ओरडायचं नसतं. ही म्हणाली, बुडत असेल तर ओरडावं.

भरपूर दिवस आहेत.

६, गुरुवार

वर्ग. विषय: फोल्डर. माजी मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत बसतात, वहीला समास आखून आणतात. त्यांनी विचारलं, सर, मेलमधली लिंक उघडलीच नाही तर काय करायचं. घरातली गोष्ट बाहेर गेली की काय, म्हणून क्षणभर हिचा संशय आला. मी म्हटलं, तो भाग प्रगत अभ्यासक्रमात येतो. सगळ्यांनी लिहून घेतलं. मागच्या रांगेतले काका म्हणाले, आमची वयं बघता प्रगत भाग आधी उरका.

संकल्प: शनिवारी बसून सोक्षमोक्ष.

८, शनिवार

सकाळी नऊला बसलो. ब्राउझरच्या मदतीच्या पानावर लिहिलंय, अडचण असल्यास आम्हाला मेल करा. तिथला पत्ता दाबला. मेल लिहायची जागा उघडेल म्हणून बघतो, तर ‘स्वागत आहे, नवीन खातं काढा’ असं आलं. काढलं. आता दोन खाती, आणि जुन्यातले सगळे मेल गायब. समितीचासुद्धा.

ही जेवायला बोलावून गेली. भूक नाही म्हटलं. नंतर ताट झाकून ठेवलं. दीड वाजता मेल सापडले. जुनं खातं डावीकडे मिटून बसलं होतं, त्याच्या नावावर एकदा क्लिक करायचं होतं, इतकंच. जेवलो. भाजी गार.

मूळ अडचण जागच्या जागी.

९, रविवार

आंघोळ करताना सुचलं. कॅल्क्युलेटरच काढून टाकला. दारच नसेल तर चोर शिरणार कुठून. लिंक दाबली. काहीच उघडलं नाही. प्रगती.

संध्याकाळी ही पडद्यांच्या कापडाचं माप काढायला बसली आणि कॅल्क्युलेटर कुठे गेला म्हणाली. मी म्हटलं, तोंडी कर, मेंदूला चांगलं असतं. केलं. कापड कमी आलं. पडदे आता खिडकीच्या अर्ध्यावर थांबणार आहेत. समोरच्या घराला आम्ही खांद्यापर्यंत दिसू.

११, मंगळवार

हेल्पलाइनला फोन. ब्राउझरवाला म्हणाला, दोष मेलचा. मेलवाली म्हणाली, दोष ब्राउझरचा. पण मुलगी फार गोड, दर वाक्याला सर म्हणायची. ते ऐकण्यात मधला थोडा भाग निसटला. शेवटी म्हणाली, काळजी करू नका सर, काय करायचं ते सगळं मेलने पाठवते. पाठवलं. मेलमध्ये एकच ओळ: सविस्तर माहितीसाठी खालील लिंकवर क्लिक करा.

थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

१२, बुधवार

ही म्हणाली, लिंक कॉपी करून ब्राउझरमध्ये पेस्ट करा, माझी मैत्रीण तसंच करते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या वर्गाचा नियमच आहे, कॉपी-पेस्ट बंद. गेल्या वर्षी एका आजोबांनी शेजाऱ्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला शोकसंदेश चिकटवला होता, तेव्हापासून. नियम करणाऱ्यानेच तो मोडला तर वर्गाला अर्थ काय राहिला. ही म्हणाली, आधी वर्ग राहू दे, मग अर्थ बघू.

मुद्दा बरा होता. उत्तर उद्या देईन.

१३, गुरुवार

डोकं दुखतंय असं कळवून वर्गाला सुट्टी दिली. खोटं नाही, दुखतंच आहे.

ही बाजारात गेल्यावर कॉपी-पेस्ट केलं. ‘पान सापडत नाही.’ म्हणजे माझा नियम बरोबर होता. समाधान वाटलं. ते फार टिकलं नाही.

चष्मा पुसल्यावर दिसलं, लिंक दोन ओळींची आहे. मी वरचीच उचलली होती. खालची चिकटवायला गेलो की वरची पुसली जाते. वरची परत आणली की खालची राहते. दोघींना एका जागी बसवणं आपल्या हातात नाही.

१४, शुक्रवार. दुपारी चार

दोन्ही ओळी हाताने टाइप करायला घेतल्या. ते शून्य आहे की ओ, एक आहे की एल, कळायला मार्ग नाही. ही शेजारी बसून एकेक अक्षर वाचून दाखवते आहे. चिडत नाहीये, याचीच भीती वाटते.

पाचला दहा कमी. ही म्हणाली, अजून वेळ आहे, ग्रंथपालांना मी फोन लावून देते, तुम्ही नुसतं बोला. म्हटलं, चारच अक्षरं राहिलीत.

पाच वाजून गेले. पान उघडलं. फार सुबक पान आहे. ‘मुदत संपली आहे. धन्यवाद.’

साडेपाच. समिती म्हणजे शेवटी माणसंच. एका लिंकवरून कोणी माणसाची पारख करत नाही. सोमवारी बोलावणं येईल.

१७, सोमवार

बोलावणं नाही. मीच गेलो, पुस्तक बदलायचं निमित्त करून. ग्रंथपाल म्हणाले, सर, आम्हाला वाटलं तुम्ही कंटाळलात, गुरुवारी वर्गही घेतला नाहीत. अहो, फोनवर नुसतं हो म्हणाला असतात तरी ती लिंक मीच इथून दाबली असती. आता एक बाई ठरल्या आहेत. पूर्वी रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीवर होत्या, एकच प्रश्न कितीही वेळा विचारला तरी चिडत नाहीत.

मी म्हटलं, बरंच झालं, मला यंदा लेखनाकडे लक्ष द्यायचं होतं. पुस्तक न बदलताच परत आलो.

हिला सांगितलं. वाटलं होतं, बोलेल. हिने चहा ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं.

२०, गुरुवार

कार्यभार सोपवायला वर्गात गेलो. कार्यभार म्हणजे पडद्यावर दाखवायची काठी. बाईंनी नमस्कार केला, काठी घेतली आणि शिकवायला लागल्या. मी नेहमीच्या जागी, पडद्याशेजारी उभा होतो. मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, सर, जरा बाजूला होता का, दिसत नाही.

शेवटच्या रांगेत काकांशेजारी खुर्ची रिकामी होती. पाचच मिनिटं म्हणून बसलो. तिथून पडद्यावरचं एक अक्षर वाचता येत नाही. काकांना विचारलं, तुम्हाला दिसतं का हो. काका म्हणाले, छे, तीन वर्षांत कधीच दिसलं नाही. पण पंखा इथेच चांगला लागतो.

लागतो खरा.