खोडायचं राहिलेलं नाव

प्रिय धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचलावास असं मी काही केलेलंही नाही. म्हणून हे पत्र तुझ्या बायकोच्या हाती देतेय. राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

बॉयलर फुटला त्या दिवशी दवाखान्यात, दोन्ही हात पट्ट्यांत, तू एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतास, "ताई, दाब वाढला, पण वाफ सोडणारी झडप उघडलीच नाही गं." चौकशीत ठरलं, झडप तूच अडवली होतीस. फोरमन जिवानिशी गेला, तुझी नोकरी गेली. आणि मी, सख्खी बहीण, तुला म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही रे."

माझं काम तुला ठाऊक आहे. माणसांनी लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर आम्ही बनवतो. त्यात नावांचा एक तक्ता असतो. कुठलं नाव म्हणजे कुठली गोष्ट, ते तो सांगतो. तो भाग माझा. तुमच्या बॉयलरची झडप उघडणारा प्रोग्रामही आमच्याच कंपायलरमधून गेलेला, आणि त्यात 'मर्यादा' हे नाव दोनदा होतं. एक रोजची, म्हणजे किती दाबाला झडप उघडायची ती, दुसरी फक्त थंड पाण्याच्या चाचणीपुरती, जवळजवळ दुप्पट. चाचणीचा भाग संपला की तिथली 'मर्यादा' तक्त्यातून खोडली जायला हवी. पण त्या भागातून मधूनच बाहेर पडायची वाट ठेवलेली असली, तर खोडणं राहून जायचं. मग पुढे जिथे जिथे 'मर्यादा' आली, तिथे कंपायलरने चाचणीचीच धरली. झडप बिघडली नव्हती. ती दुप्पट दाबाची वाट बघत होती.

परवा दुसऱ्याच कामासाठी तक्ता छापला, तेव्हा हे दिसलं. तसेच कागद घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी दार लावून घेतलं, म्हणाले, "प्रकरण मिटलंय. उकरू नका." दुपारपर्यंत माझा पासवर्ड चालेनासा झाला. कागद मात्र पिशवीत होते. आज ते चौकशी अधिकाऱ्यांना दिले, चूक माझी म्हणून सही करून. फोरमनच्या बायकोसमोर कशी उभी राहू, ते अजून सुचत नाही.

पण पत्राचं कारण वेगळंच आहे. आमचा कंपायलर कुठे कुठे वापरतात त्याची यादी त्या कागदांत आहे, आणि तीत तुझा नवा कारखानाही आहे. तुमच्या मॅनेजरना फोन केला, तर म्हणाले, "कंपनीचं पत्र आणा, मग बघू." आणि सफाईसाठी बंद ठेवलेला बॉयलर उद्या सकाळी तूच पेटवणार आहेस, असं तुझी बायको सहज बोलून गेली. पेटवू नकोस. कुणालाही पेटवू देऊ नकोस. तुझं ऐकणार नाहीत, माहीत आहे. एकदा मीच ऐकलं नव्हतं. पहिल्या पाळीआधी मी फाटकावर येतेय. तोवर बॉयलरची किल्ली हातची सोडू नकोस.

तुझीच,
ताई