दुहेरी ठोका

आत्याबाई, पाया पडते.

गेलेल्या सासूला कोणी पत्र लिहितं का? पण आज मला राहवेना. सकाळी तालुक्याच्या भूवैद्य कचेरीचा शिपाई आला होता. तुमच्या जागी आता मी जमिनीची नाडी बघायची, असा हुकूम घेऊन. कागद हातात देताना मेला म्हणतो कसा, "सासूवानी हात चुकवू नगा, बाई!" तेव्हापासून जीव नुसता जळतोय.

तुमचा हात आणि चुकला? तीस वर्षं या पंचक्रोशीतली एकेक विहीर तुम्ही नाडी बघून दिलीत, एकही कोरडी निघाली नाही. जमिनीलाही शिरा असतात, वात-पित्त-कफ असतात, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. इंग्रज आधी हसला आणि मग गुपचूप आपल्या पोथ्या उतरवून घेऊन गेला. परवा शेवगावच्या बाजारात एक जण म्हणत होता, लोखंडी यंत्रानं भोक पाडून पाणी काढू. लोक पोट धरधरून हसले. दुखणाईताची नाडी न बघता त्याला चिरायचं, म्हणजे कमालच झाली!

लग्न होऊन आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. तुम्ही भाकरी राहू दिलीत आणि मला रानात नेलंत. "तळवा टेकव, पोरी. दाबू नगं. जमीन काय पळून जाती व्हय?" माझा तळवा मातीवर, आणि तुमची तीन बोटं माझ्या मनगटावर. माझा ठोका कुठला आणि जमिनीचा कुठला, ते वेगळं कळावं म्हणून. कर्जतकडची जमीन वाताची, तिची नाडी फडफडते. नेवाशाची नदीकाठची कफाची, संथ. पोटच्या लेकींना सोडून हे सगळं तुम्ही परक्या घरच्या मला दिलंत! त्या दोघी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आणि मग बहात्तर साल. गावाला विहीर पाडायची होती, आणि माणसांच्या अंगात एकाच खोदाईपुरतं बळ उरलं होतं. वैद्य हात ठेवतो तेव्हा जवळपास कोणी थांबायचं नाही, म्हणून आपण दोघीच गेलो. तुम्ही तापानं फणफणला होतात. बाभळीखाली बसलात आणि म्हणालात, "आज तू बघ." मनगटावर तुमची बोटं नाहीत, असं पहिल्यांदाच. तळवा टेकवला आणि काय सांगू, दुहेरी ठोका लागला! एक जाड, एक बारीक. दुहेरी ठोका म्हणजे गोड्या पाण्याची शीर. मी पळतच तुमच्याकडं आले.

चाळीस हात खोदलं. खाली काळा खडक, थेंब नाही. त्या दिवशी घरी तुम्ही माझं मनगट धरलंत ते बराच वेळ सोडलंच नाही. मग हळूच म्हणालात, "पोरी, तुला दिस गेल्यात."

दुसरा ठोका माझ्या पोटातला होता! दिवस गेलेल्या बाईनं नाडी बघायची नाही, हे मला ठाऊक होतं. दिवस गेलेत, हेच ठाऊक नव्हतं. पाळी चुकली ती उपासमारीनं, असं समजून मी गप्प राहिले होते.

खरं सांगायला मी चावडीकडं निघाले, तर तुम्ही दारात आडव्या. "गप बस. पोटातल्या पोरानं गावाचं पानी पिलं म्हनतील. जलमभर म्हनतील." आणि स्वतः जाऊन सांगून आलात, "हात माझा चुकला." रिवाजाप्रमाणं त्या कोरड्या खड्ड्यावर तुमच्या नावाचा दगड बसला. पुन्हा कोणी तुम्हाला नाडी बघायला बोलावलं नाही.

एक शिवी तरी द्यायची मला! उलट डोहाळे विचारत बसलात, दुष्काळात! मी चिंच म्हणाले, तर भर उन्हात दोन गावं हिंडून घेऊन आलात. तुमचे उपकार कुठल्या तोंडानं सांगू? तुमची नात आता चालते, पडते आणि पडल्यावर जमिनीलाच ओरडते. अगदी तुमच्यावर गेलीय.

तर ऐका. उद्या हुकूम परत करतेय. पाथरवटाला निरोप धाडलाय, दगडावरचं तुमचं नाव काढून माझं घालायचं. चुकल्या हाताला पुन्हा परवानगी मिळत नाही, माहीत आहे मला. चावडीवर सांगेन, आत्याबाईंना ताप होता, हात माझा होता, घाईत चुकला. पोटाचं अवाक्षर काढणार नाही, तुम्हाला दिलेला तेवढा शब्द पाळीन. तरी कोणी महिने मोजायला बसलंच, तर त्याच्या दारात जाऊन उभी राहीन!

तुम्ही असतात, तर परत दारात आडव्या झाला असतात. आता अडवायला कोणी नाही, आत्याबाई. त्याचंच रडू येतंय.

सून कसली, तुमची पोरच,
सुमन