अभिनंदनाचं पान

४ मार्च
पुरस्कार. मला. लोकहिताच्या पत्रकारितेसाठी म्हणे. नाल्याकाठच्या वस्तीत कापड रंगवणाऱ्या रंगाई कारखान्याचं पाणी बोअरमध्ये उतरतं, ती बातमी. आमच्या हिंदी पेपरचे ब्यूरो चीफ मिश्राजी, ज्यांनी ती कितीतरी दिवस दाबून ठेवली होती, आज पेढे वाटत होते. "मॅडम, हमारी खबर चमक गई!" हमारी!
बातमीने झालं काय? कुणीतरी पाण्याचा नमुना नेला. निकाल नाही. टँकर येतो, तेवढंच.

६ मार्च
आता पेपरात अभिनंदनाच्या जाहिरातींचं पान. आपल्याकडची रीतच. पुरस्कार ज्याचा, जाहिराती त्यानेच मागत फिरायचं. नवरीनेच आहेर गोळा करावा तसं. मिश्राजी म्हणतात, रंगाईवाल्या सेठकडेही जा. "जिनकी खबर लगाई, वो भी अपने ही हैं." नाही म्हटलं. हसले. तो माणूस हसला की जास्तच किळस येते.

९ मार्च
पान निघालं. मिश्राजी स्वतः जाऊन आले सेठकडे. अर्धं पान त्याचंच. हात जोडलेला सेठ, शेजारी माझा फोटो. खाली 'निर्भीक कलम को नमन'. नमुन्याच्या निकालाचं काय झालं, असं विचारणारी माझी बातमी जागेअभावी बाहेर. आईचा फोन, "फोटो छान आलाय गं."

११ मार्च
वस्तीत गेले. निर्मलाबाई, लूमवर कामाला जाते, बातमीसाठी सगळ्यांत आधी बोलली ती हीच. बोअरवर हंडा भरत होती. ओरडलेच मी.
"हे पिताय तुम्ही?"
"पेपरात तुमचा फोटो पाहिला ना ताई, सेठच्या बाजूला. मी समजली, निपटलं असन सगळं. नाहीतर तो हात कशाला जोडन? गल्लीत मीच सांगितलं, पाणी आता चांगलं हाय."
पाणी तसंच, लालसर. पोरं पीत होती.
घरोघर सांगत फिरले. एक म्हातारा म्हणाला, "पेपर में तो बधाई छपी है." माझ्यापेक्षा माझा पेपर खरा. थू!

१२ मार्च
मिश्राजींना म्हटलं, उद्याच छापा, पाणी पिऊ नका म्हणून. "समारोह हो जाने दीजिए. सेठजी मंच पर रहेंगे, अच्छा नहीं लगता." मग पुरस्कार घ्यायला मी येत नाही, म्हटलं. "तो शॉल मैं ले लूँगा." घेतीलही. लाज कशाशी खातात ते या माणसाला माहीत नाही. आणि मंचावर जाऊन बोलले तरी ऐकणार कोण? हाच, आणि सेठ. वस्तीतल्या कुणाला आमंत्रणच नाही.
संध्याकाळी निर्मलाबाईचा फोन. गल्ली तिचं ऐकत नाही. परवा तूच चांगलं म्हणत होतीस ना, म्हणतात.
"तुमी छापा ना ताई. छापलं का ऐकतीन."
छापते म्हटलं. कुठे छापणार, देव जाणे.