माझ्या पित्ताशयाचा नमुना

३ जानेवारी, सकाळ
तयारीच्या आठवड्याचा खरा खर्च: अंडी तीस, पनीर सव्वा किलो, बायको हंसाबाईची बोलणी बेहिशेब. भाची मैत्रेयी नागपूरच्या लॅबमध्ये माणसाच्या अवयवांतली प्रोटीन्स ताडून पाहते. लिव्हरमध्ये कोणती, किडनीत कोणती, असं. पित्ताशयाचे नमुने कमी पडतात म्हणाली. माझ्यात खडे आहेतच. ऑपरेशन दोन वर्षं टाळलं, ते सीझनमुळे. आता विज्ञानासाठी हो म्हटलं. हंसाबाई म्हणे, भेव वाटून राह्यलं होतं, हे सांगा ना सरळ. बायकोला विज्ञान कळत नाही.

५ जानेवारी
मैत्रेयीचा फोन. मामा, खाण्यात बदल करू नका, तेलकट तर नाहीच. पोरीला बाजार माहीत नाही. मी ढाणकीत अडत करतो. नमुना काढायला माणूस येणार म्हटलं, की पोत्यात वर कोणता माल ठेवायचा हे मला कळतं. आज आमलेट चार.

७ जानेवारी, दुपार
बाजारात सांगून टाकलं: शून्यातून वर आलेल्या माणसाचं पित्ताशय वेगळंच निघणार, नागपूरवाले चाट पडतील. शेजारचा अडत्या विठ्ठलराव म्हणे, काहून, त्यात का सोनं भरून राह्यलं? खडे त्यालाही आहेत. जळतो.

८ जानेवारी
पोटात भयंकर कळ. आमलेटचा संबंध नाही. यवतमाळला भरती.

९ जानेवारी
काढलं. शुद्धीवर येताच विचारलं, माल कसा आहे? नर्स म्हणाली, आजोबा, पडून राहा. आजोबा! सत्तावन्न वय. नमुना बर्फाच्या डब्यात घालून मैत्रेयी नागपूरला निघालीसुद्धा.

१२ जानेवारी
विठ्ठलरावही भरती. त्यानेही सही करून नमुना दिला. नक्कल! म्हणे, तुयं घेतलं तं मायं काहून नाही? घेऊ दे. तुलना झाली की कळेल.

६ मार्च
मैत्रेयी आली. विठ्ठलरावला मुद्दाम बोलावलं. लॅपटॉपवर रंगीत चौकोनांचा तक्ता. नावं नाहीत, नुसते नंबर. लिव्हर एकीकडे, किडनी दुसरीकडे, दोन्हींचा रंग पार निराळा. मी म्हटलं, ते राहू दे, माझं दाखव. तिने एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. सगळी पित्ताशयं तिथे, एकाच रंगाची. त्यातलं माझं कोणतं आणि विठ्ठलरावचं कोणतं, ते तिलाही सांगता येत नाही.