तीन बाजूंना पाणी

बाई, पाचोऱ्याच्या शाळेत तुम्ही सौराष्ट्राचा धडा शिकवलात, तेव्हा समुद्र तुम्हीही पाहिला नव्हता आणि मीही. फळ्यावर द्वीपकल्प काढून तुम्ही तीन बाजूंना निळा खडू गिरवलात. मीठ, मासे, शेंगदाणा, बंदरं असं सगळं सांगून झाल्यावर विचारलंत, "तिथल्या बायका सकाळी उठून काय करत असतील?" मला तो प्रश्न स्वस्थ बसू देईना.

नर्सिंग झालं आणि तिकडच्या मिठागरांजवळ एका दवाखान्यात नोकरी मिळाली. माझे वडील जाऊ देईनात. तेव्हा तुम्ही आमच्या चुलीपाशी पाटावर बसून त्यांना म्हणालात, "आबा, पोर नोकरीले जाई राह्यनी, बुडाले नही." आबा हसले आणि मी निघाले.

तिथे प्यायच्या पाण्याचा टँकर चार-चार दिवसांनी यायचा. मिठात उभं राहून बायकांच्या टाचा फाटलेल्या. एकीला मी गोळ्या देतेय, तर ती माझा हात धरून म्हणते, "बेन, दवा पछी, पेलां पाणी आपो." आधी पाणी द्या! यातलं काहीच मी तुम्हाला कळवलं नाही. आबा परत बोलावतील, ही धास्ती. पत्रांत लिहिले ते शंख, होड्या, गार वारा. तुम्ही ती पत्रं वर्गात वाचून दाखवायचात, हे मला ठाऊक होतं.

त्या पत्रांवर विसंबूनच तुम्ही तुमची आणखी एक विद्यार्थिनी माझ्या दवाखान्यात नोकरीला पाठवलीत. दोन महिन्यांत तिला कावीळ झाली. नुसती हाडं उरली तेव्हा ती घरी परतली. तिच्या आईने तुमच्या दारात येऊन आरडाओरडा केला, गल्लीने ऐकला, आणि तुम्ही फक्त म्हणालात, "चूक माझी आहे." सुट्टीवर आले तेव्हा हे मला कळलं. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा आले आणि दोन्ही वेळा माघारी वळले. पुढच्या सुट्टीत आले तेव्हा तुम्ही या जगात नव्हतात.

आता धुळ्यात घर आहे, नोकरी संपली. तरी हे लिहिताना चारदा उठले, पाणी प्याले, पुन्हा बसले. तुम्हाला वाटलं असेल, ती मुलगी तिथल्या हालांबद्दल भिडेपोटी गप्प राहिली. तसं नव्हतं, बाई. तिला परतीच्या गाडीत बसवताना मीच तिचा हात दाबून म्हटलं होतं, "इथलं बाईंना काही सांगू नकोस." तिने मान डोलावली होती.